शेंगदाण्याचं तेल, पानाची पिचकारी आणि अर्जुनाचे हात

चित्रकलेतल्या शैलींना नावं कशी भारदस्त असतात. हॉलंडमधल्या एका शैलीचं नाव मात्र लोकांनी चक्क 'सॅलडच्या तेलाची शैली' असं ठेवलं. आपल्याकडे एखाद्या घराण्याच्या गायकीला कुणी 'फोडणीची गायकी' म्हणावं, तसंच हे!

झालं असं की, १८९४ साली डेल्फ्ट गावातल्या एका तेलाच्या कारखान्यानं यान तोरोप नावाच्या चित्रकाराकडून जाहिरात करून घेतली. कारखाना शेंगदाण्याचं तेल गाळायचा. आता तेलाच्या जाहिरातीत काय असावं? बाटली, भाव, फार तर एक हसरी गृहिणी. तोरोपनं दोन बायका काढल्या. एक बसून वाडग्यात सॅलड कालवते आहे, दुसरी हात उंचावून जणू मंत्र म्हणते आहे. आणि दोघींचे केस! ते डोक्यावरून निघतात, वळणं घेत घेत कागदाचा कोपरान् कोपरा भरून टाकतात. सॅलड कालवणं हा एखादा गूढ यज्ञविधी असावा, असा एकूण थाट. लोक चक्रावले, हसले, आणि त्या वळणदार रेषांच्या सगळ्याच चित्रांना त्यांनी तेलाचं नाव चिकटवून टाकलं.

आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि शनिवारी पौडला बसून असल्या निरुपयोगी गोष्टींच्या मागे लागायचं, हा माझा जुना धंदा. मित्र विचारतात, मुळशी तालुक्यात बसून तुला डच चित्रकार कशाला हवेत? तर मंडळी, त्याला कारण आहे. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिस आणि लंडनमध्ये लेखक-चित्रकारांचा एक गट तयार झाला. त्यांना म्हणत 'डेकडंट', म्हणजे सडत चाललेले, उतरणीला लागलेले. मी सोयीसाठी 'ऱ्हासपंथी' म्हणतो. खरं तर ही शिवी होती, पण या लोकांनी ती बिल्ल्यासारखी छातीवर लावली. १८८६ मध्ये पॅरिसला त्याच नावाचं एक मासिकसुद्धा निघालं. निसर्गापेक्षा कृत्रिम बरं, आरोग्यापेक्षा आजार जास्त रंजक, आणि कलेनं समाजाचं भलं करण्याचा ठेका घेतलेला नाही, असा साधारण पवित्रा. उइस्मान्स या फ्रेंच लेखकाच्या १८८४ च्या कादंबरीतला नायक तर जिवंत कासवाच्या पाठीवर रत्नं जडवून घेतो. कासव बिचारं त्या भारानं मरतं. पंथाची कल्पना यावी म्हणून एवढं पुरे.

चित्रांत या पंथाचा हीरो म्हणजे ऑब्रे बिअर्डस्ले. जन्म १८७२, क्षयानं मृत्यू १८९८. पंचविशीत संपला. ऑस्कर वाइल्डच्या 'सालोमे' नाटकाला त्यानं काढलेली चित्रं १८९४ ची. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. बिअर्डस्ले वाढला तो लाइन ब्लॉकच्या काळात. म्हणजे चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, पांढरा भाग आम्लानं खाऊन टाकायचा, उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची. यात करडा रंग नाही. शाई आहे किंवा नाही. एका बिटचा कारभार! इतर चित्रकार या मर्यादेशी झगडत बसले, बिअर्डस्लेनं तीच शैली करून टाकली. सपाट काळे डबके, विस्तीर्ण मोकळा पांढरा आणि मधून केसासारखी बारीक रेघ. छापायला स्वस्त, त्यामुळे मासिकांतून ही चित्रं झपाट्यानं सगळीकडे पोचली. हॉलंडलाही पोचली.

पण हॉलंडमध्ये अशा रेषेला आणखी एक मूळ आधीपासून होतं. आणि ते लंडनचं नव्हतं, पॅरिसचंही नव्हतं.

तोरोपचा जन्म १८५८ चा, जावा बेटावरच्या पुर्वोरेजो गावचा. वडील डच वसाहत सरकारात नोकरीला, घराण्यात युरोपीय आणि आशियाई रक्ताचं मिश्रण. लहानपण बांका नावाच्या बेटावर गेलं, मग बटाव्हियाच्या (म्हणजे जकार्ताच्या) शाळेत, आणि १८६९ मध्ये, अकराव्या वर्षी, शिक्षणासाठी हॉलंडला रवानगी. जावामध्ये वाढलेल्या पोराच्या डोळ्यांत एक गोष्ट कायमची बसलेली असणार. ती म्हणजे 'वायांग', चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ.

म्हशीचं कातडं तासून, कोरून केलेल्या सपाट बाहुल्या. चेहरा एका बाजूनं दिसणारा. हात अतोनात लांब आणि काटकुळे, खांद्यात आणि कोपरात सांधलेले, काड्यांनी हलणारे. पडद्यामागे दिवा, आणि एकच माणूस रात्रभर सगळ्यांचे आवाज काढतो. आणि गोष्टी कुणाच्या? तर पांडवांच्या. रामाच्या. अर्जुन म्हणजे बारीक कंबर, टोकदार नाक, फटीएवढे डोळे आणि किंचित झुकलेली मान. जितकं पात्र सुसंस्कृत तितकी रेघ नाजूक. राक्षस आला की डोळे वाटोळे आणि नाक फुगीर. (सोबतीला सेमार नावाचा ढेरपोट्या सेवक आणि त्याची पोरं असतात. व्यासांना त्यांचा पत्ता नाही, पण आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला ती सख्खी भावंडं वाटतील.)

आता सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळचं पिंगुळी आठवा. तिथला ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्या नाचवतो, कागदावरच्या चित्रकथीच्या पोथ्या मांडून रामायण-महाभारत सांगतो. सावंतवाडी संस्थानानं या कलेला आश्रय दिला होता. ती टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळी आणि जावा यांचं थेट नातं आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच महाभारताला दोन ठिकाणी कातड्याचे हात फुटले, एवढं तर दिसतंच.

कंपनीनं काही महिन्यांसाठी नेदरलँड्सला पाठवलं होतं, तेव्हा एका रविवारी ओटरलोच्या क्रोलर-म्युलर म्युझियमला गेलो. मोठ्या जंगलात आहे ते. प्रवेशापाशी फुकटच्या पांढऱ्या सायकली ठेवलेल्या असतात, घ्या आणि हाणा. सगळे जातात व्हॅन गॉगसाठी. मीही गेलो. पण पाय अडकले ते तोरोपच्या 'तीन नववधू' या १८९३ च्या चित्रापाशी. तपकिरी कागदावर खडूनं आणि पेन्सिलीनं केलेलं काम. मध्ये साधी मानवी वधू, डावीकडे ख्रिस्ताला वाहिलेली जोगीण, उजवीकडे पापाची वधू, गळ्यात कवट्यांची माळ. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खिळे ठोकलेल्या हातांत घंटा, आणि त्या घंटांच्या नादाच्या रेघा कधी केस होतात आणि कधी केसांचा नाद होतो ते कळत नाही. खाली ज्या सडपातळ मुली तरंगताहेत, त्यांचे हात पाहिले आणि माझ्या तोंडून मोठ्यानं "अरे, हा तर अर्जुन!" असं निघालं. शेजारच्या आजींनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

हा शोध अर्थात माझा नाही. तोरोपच्या बायकांचे हात, त्यांच्या बाजूनं दिसणाऱ्या माना वायांगमधून आल्या, हे कलेचे इतिहासकार केव्हापासून सांगतात. मला खटकतं ते पुढचं. ही रेघ युरोपात गेली की तिचा अर्थच बदलतो. जावातल्या गावकऱ्याला तो लांब हात संयमाची, कुलीनतेची खूण वाटतो. तोच हात हेगच्या दिवाणखान्यात लागला की बघणाऱ्याला दिसतो आजार, वासना आणि शतकाची अखेर. म्हणजे सडत कोण होतं?

हा प्रश्न उगाच ओढूनताणून आणलेला नाही. १८३० पासून पुढची काही दशकं डच सरकारनं जावाच्या शेतकऱ्यांकडून सक्तीनं ऊस, कॉफी, नीळ पिकवून घेतली. त्या पैशानं हॉलंडचे कालवे आणि रेल्वे झाली. ज्या १८९४ मध्ये तेलाची ती जाहिरात निघाली, त्याच वर्षी डच फौजेनं लोंबोक बेटावरचा राजवाडा लुटला आणि सोनं-रत्नं मायदेशी नेली. त्या लुटीतल्या ३३५ वस्तू इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय झाला तो २०२३ मध्ये! नाजूक केसांची वळणं बघताना हे डोळ्यांआड करता येत नाही.

आणि हे त्या काळातही काहींना जाणवत होतं. लुई कुपेरस हा डच ऱ्हासपंथी कादंबरीकार घ्या. त्याच्या पोरपणाची काही वर्षं बटाव्हियात गेली होती. त्याच्या १९०० च्या कादंबरीत (नावाचा अर्थ साधारण 'मूक शक्ती') जावामधला एक कर्तबगार, सरळमार्गी डच अधिकारी हळूहळू कोसळतो. कुणी बंड करत नाही, गोळी चालत नाही. नुसत्या विचित्र गोष्टी घडत राहतात. त्यातला गाजलेला प्रसंग असा, की अधिकाऱ्याची बायको न्हाणीघरात आहे आणि तिच्या उघड्या अंगावर कुठून तरी, दिसत नसलेल्या तोंडांतून, पानाच्या लाल पिचकाऱ्या पडू लागतात. डच वाचकाला तो रक्ताचा भास. एसटी स्टँडवर वाढलेल्या आपल्या वाचकाला त्यात भुताटकी वाटणं जरा अवघडच, पण तिथे जो अपमान आहे तो बरोब्बर कळतो.

या पुस्तकाची एक खास बांधणी निघाली होती, मखमलीवर बाटिक केलेली. बाटिक म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याची जावाची कला. नक्षी क्रिस लेबो नावाच्या तरुणाची. जावाच्या मूक सूडाची गोष्ट, तीही जावाच्याच कारागिरीत गुंडाळलेली! लेबोकडे परत येऊ.

बिअर्डस्लेचा खरा डच वारस मात्र कारेल द नेरे तोत बाबरिख. नावावरूनच कळतं, खानदानी माणूस. १८८० मध्ये जर्मन सीमेजवळच्या बाबरिखच्या वाड्यात जन्म. परराष्ट्र खात्यात जायचं ठरलं होतं, १९०१ च्या सुमारास माद्रिदच्या डच वकिलातीत उमेदवारीही केली. पण क्षय लागला आणि नोकरी सुटली. त्यानं कुपेरसच्याच 'एक्स्टाझ' या कादंबरीवर चित्रं काढली. शाईची काळी पात्रं, अरुंद खांदे, अर्धमिटले डोळे, हातमोज्यांतली बोटं गरजेपेक्षा दीडपट लांब. बिअर्डस्लेमध्ये एक छद्मी हसू असतं. तो प्रेक्षकाला डोळा मारतो. द नेरे मारत नाही. त्याच्या बायका (आणि बायकांसारखे दिसणारे पुरुष) कंटाळलेल्या नाहीत, खरोखर थकलेल्या आहेत. हे चित्रकाराच्या आजारामुळे असं म्हणणं सोपं आहे, आणि मला वाटतं यावेळी सोपं तेच खरं आहे. १९०९ मध्ये जर्मनीतल्या टोटमोस इथे, हवापालटाच्या गावी, एकोणतिसाव्या वर्षी तो गेला.

आणि तोवर त्याच्याभोवतीचं हॉलंड पुढे निघून गेलं होतं. आपल्याकडे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावानं 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद गाजला, पिढ्यान् पिढ्या परीक्षेत आला. (दहा गुण, सोदाहरण स्पष्ट करा.) तोच वाद डच लोकांनी १८९० च्या दशकात घालून घेतला होता. तिथल्या खांडेकर-पक्षाला ते म्हणत 'समाजाची कला'. त्यात आघाडीवर होता रोलान्ट होल्स्ट. हा पठ्ठ्या आधी स्वतः त्याच धुंदीत होता. १८९२ च्या व्हॅन गॉग प्रदर्शनाच्या सूचीवर कोमेजलेलं सूर्यफूल आणि त्याच्यामागे संताचं तेजोवलय, हे त्याचंच चित्र. पुढे समाजवादी झाला आणि हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कामगारांच्या युनियनसाठी भिंती रंगवू लागला. तोरोपही वळला. ॲमस्टरडॅमच्या शेअरबाजाराच्या नव्या इमारतीत त्यानं भूत, वर्तमान आणि भविष्य अशी टाइल्सची मोठी चित्रं केली, १९०५ मध्ये कॅथलिक झाला आणि संतांची चित्रं काढत राहिला. त्याच्या त्या उत्तरार्धातल्या कामाबद्दल मला आदर आहे, पण परत परत बघावंसं मात्र वाटत नाही. कोन आले, शिस्त आली, ते केस गेले.

परीक्षेत मी खांडेकरांच्या बाजूनं लिहायचो, कारण तपासणारे सर त्या बाजूचे होते. आज विचाराल तर त्या वादाची मांडणीच मला चुकलेली वाटते, आणि त्याचं कारण लेबो.

हा माणूस कुणा पंथाचा म्हणावा? ऱ्हासपंथी कादंबरीला मखमली आवरण देणारा, श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलांसाठी पांढऱ्यावर पांढरी नक्षी असलेली लिननची कापडं आखणारा. म्हणजे खांडेकर-पक्षाच्या दृष्टीनं चैनीचा कारागीर. आणि त्याच वेळी कट्टर अराज्यवादी, शाकाहारी, लष्करशाहीचा शत्रू. जर्मनांनी हॉलंड व्यापल्यावर लेबो साठीच्या पुढे होता. गप्प बसला असता तर कुणी विचारलं नसतं. पण बाटिकच्या बारीक रेघा मारण्यात मुरलेला तो हात ज्यूंसाठी खोटी ओळखपत्रं करू लागला. १९४३ मध्ये पकडला गेला. २ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊच्या छळछावणीत वारला. २९ एप्रिलला अमेरिकन सैन्य छावणीच्या दारात पोचलं.