नहेम्यानंतर काय येतं?

हरेगावच्या चर्चमध्ये तुम्ही नवरदेवाकडून आला आहात. तुम्ही शेवगावचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सी.एन.आय.) मंडळीतले; आजोबा अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकलेले. नवरी कॅथलिक आहे. पहिलं वाचन सुरू होतं, तोबितच्या पुस्तकाचा आठवा अध्याय. लग्नाच्या रात्री तोबिया आणि सारा पलंगावरून उठून देवाचा धावा करतात, कारण साराचे आधीचे सात नवरे याच रात्री मेलेले असतात. शेजारचे मामा पिशवीतून पवित्र शास्त्र काढून पानं उलटू लागतात. एज्रा, नहेम्या, एस्तेर. तोबित कुठेच नाही. मामा कानाशी लागतात, "अहो, हे यांच्याच शास्त्रात असतं."

असतं खरं. फादरांच्या बायबलात ७३ पुस्तकं आहेत, मामांच्या बायबलात ६६. तोबित, जुदिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारुख आणि मक्काबींची दोन ही सात वादातली. शिवाय एस्तेर आणि दानिएलमध्ये काही भाग जास्तीचे. पंगतीत वाद पेटतो. कुणी म्हणतं, ही रोमनं घुसडली. कुणी म्हणतं, ल्यूथरनं काढून टाकली. वाढपी भाताचं पातेलं घेऊन उभा आहे, त्याला घाई आहे. तुम्ही हात धुता आणि काळात मागे चालू लागता.

१८७८. आजूबाजूचा मुलूख दोन-तीन वर्षांच्या दुष्काळानं खंगलेला आहे. नगरमध्ये अमेरिकन मिशनरी १८३१पासून आहेत. याच दशकात इंग्लंडच्या चर्चचे लोक आलेत, आणि आता केंदळ-वळणच्या बाजूला जेझुइट फादर पोचले आहेत. त्यामुळे ही पुस्तकं शास्त्रात आहेत का, या प्रश्नाला एकाच जिल्ह्यात तीन उत्तरं मिळतात. अमेरिकन म्हणतात, ही सात शास्त्रात नाहीत. जेझुइट म्हणतात, आहेत. इंग्लिश पाद्री म्हणतात, वाचा, वागणुकीसाठी बोध घ्या, पण त्यांच्या आधारावर सिद्धांत उभारू नका. मला हे तिसरं उत्तर सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पण शहाणपणाच्या उत्तरासाठी सहसा कुणी भांडत नाही. गंमत म्हणजे १९७०मध्ये सी.एन.आय. स्थापन झालं तेव्हा हे इंग्लिश पाद्र्यांचे वारसही त्यातच आले. मामांना सांगून पाहा.

गावकुसाबाहेरच्या ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना मात्र यादीबद्दल कुणी विचारलेलं नाही. त्यांना शाळा हवी आहे, धान्य हवं आहे, ताठ मानेनं उभं राहायचं आहे. ज्या मिशनचा माणूस आधी वस्तीवर पोचला, त्याची यादी ती त्यांची यादी झाली.

आणखी मागे, १८२१, लंडन. अर्ल स्ट्रीटवर ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचं कार्यालय आहे. रॉबर्ट हाल्डेन नावाचे स्कॉटिश गृहस्थ आदल्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला आले आहेत, असं सांगतात. तुम्ही त्यांच्या मागोमाग आत शिरा. एका उपसमितीची बैठक चालू आहे. त्यांनाही बसवून घेतात. बोलण्यातून कळतं की युरोपातल्या वाचकांसाठी सोसायटीच्या पैशातून छापल्या जाणाऱ्या बायबलांत ही वादातली पुस्तकंही असतात. हाल्डेन हबकतात. माणसाच्या लिखाणाला देवाच्या वचनाच्या पंगतीला बसवायचं, तेही वर्गणीदारांच्या पैशानं? पत्रकांवर पत्रकं निघतात, सभा गाजतात. ३ मे १८२६ रोजी नियम ठरतो की अशा बायबलांना सोसायटीची दमडी मिळणार नाही. तरी एडिंबरा आणि ग्लासगोच्या संस्थांचं समाधान होत नाही, त्या वेगळ्या होतातच. भांडणाऱ्यांच्या घरातल्या १६११च्या इंग्रजी बायबलात हीच पुस्तकं छापलेली होती, हे लक्षात ठेवा.

अमेरिकन बायबल सोसायटीही त्याच दशकात तशाच निर्णयावर येते. म्हणून १८४७मध्ये संपूर्ण मराठी बायबल निघतं, तेव्हा नहेम्यानंतर थेट एस्तेर येते.  जी पुस्तकं तेव्हा मराठी बायबलात आलीच नाहीत, त्यांच्यावर वाद घालणार तरी कोण?

अजून मागे गेलात की तुम्ही शेवगावच्याच परिसरात येता. १५८४. नाथसागराचा पत्ता नाही, गोदावरी मोकळी वाहते आहे. नावेनं पलीकडे पैठणला जा. एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर घेऊन बसले आहेत. नकलकारांच्या हातून तीनशे वर्षांत शिरलेले पाठभेद निवडून ते शुद्ध प्रत तयार करताहेत. यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये, अशी ताकीदही ते देतात. प्रश्न हुबेहूब तोच नाही. नाथांना एका ग्रंथातल्या ओव्या निवडायच्या आहेत, तिकडे ग्रंथच निवडायचे आहेत. पण मूळ कुठलं आणि भर कुठली, ही चिंता गोदाकाठाला परकी नव्हती.

तिथून अडतीस वर्षं मागे, ८ एप्रिल १५४६, उत्तर इटलीतलं ट्रेंट. कॅथलिक धर्मसभेत जेमतेम पन्नासएक धर्माधिकारी आहेत. भांडणाचं मूळ १५१९च्या लाइपझिगच्या वादात आहे. मृतांसाठी केलेली प्रार्थना दाखवायला तिथे कॅथलिक पंडित एक्क यांनी मक्काबींचं दुसरं पुस्तक पुढे केलं आणि ल्यूथरनी ते प्रमाण मानायला नकार दिला. पुढे १५३४च्या आपल्या जर्मन बायबलात ल्यूथरनी ही पुस्तकं वेगळी काढून छापली, 'वाचायला चांगली' असा शेरा मारून. म्हणजे ल्यूथरनी काढून टाकली, हे पंगतीतलं बोलणं खोटं. ट्रेंटमध्ये सेरिपांदोसारखे कॅथलिकही पुस्तकांच्या दोन दर्जांत फरक करा म्हणतात. त्यांचं चालत नाही. सगळी पुस्तकं सारखीच पवित्र ठरतात आणि न मानणारा बहिष्कृत. मात्र हीच यादी आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेनं ३९७मध्येच मान्य केली होती. रोमनं घुसडली, हेही खोटं.

आता शेवटचा टप्पा, बेथलेहेम, साधारण इसवी सन ४०५. संत जेरोम वैतागले आहेत. त्यांच्या मते यहुद्यांच्या हिब्रू यादीत जे नाही ते प्रमाण नाही. संत ऑगस्टीनना हे मान्य नाही. पण दोन बिशपांनी तोबितचा लॅटिन अनुवाद मागितला आहे. मूळ अरामी भाषेत, आणि ती जेरोमना नीट येत नाही. मग ते दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस बोलावतात. तो अरामी वाचून हिब्रूत सांगतो, जेरोम ऐकून लॅटिनमध्ये सांगतात, लेखनिक उतरवून घेतो. एका दिवसात काम हातावेगळं! ज्या पुस्तकाबद्दल शंका, त्याच पुस्तकाला जेरोमनी पंधराशे वर्षांचं आयुष्य दिलं.

त्यांना एक गोष्ट कळणं शक्य नव्हतं. १९५२मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेतून तोबितचे तुकडे निघाले, अरामीत आणि हिब्रूतही. म्हणजे येशूच्या काळापूर्वीचे यहुदी ते वाचत होते. ते त्याला शास्त्र मानत होते का, हे तुकड्यांवरून ठरत नाही, आणि ठरतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मामांना एवढंच सांगा: तोबित चौदा अध्यायांचं आहे, तासाभरात वाचून होतं. नवरीकडच्यांकडून प्रत मागून घ्या, वाचा आणि मग पंगतीत भांडा.