होडी सुताराची, साज घरचा

होडी पाण्यात ढकलण्याजोगी झाली, की सुताराचे काम संपायचे. नाखव्याचे, म्हणजे होडीच्या मालकाचे, तेव्हा कुठे सुरू व्हायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठाणे-कुलाब्याच्या कोळीवाड्यांत हीच रीत होती. सुताराकडून हाती यायचा तो नुसता सांगाडा. सागाच्या फळ्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवलेल्या, सांध्यांत राळ आणि तेल चोपडलेला कापूस ठासलेला. डोलकाठी, शीड, दोर, नांगर, वल्ही, जाळी हा सारा सरंजाम कुटुंबाने जमवायचा आणि त्यातला बराचसा आपल्याच हातांनी तयार करायचा.

डोलकाठी एकच, आणि तीही सरळ नाही, तर नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे झुकलेली. या झुकण्याला कारण होते. तिकोनी शीड ज्या लांब, तिरक्या काठीला बांधलेले असे, ती डोलकाठीला न अडता लोंबत राहावी लागे. वारा पाठीवर घेऊन होडीची बाजू बदलायची, तर शीड सैल सोडायचे, तिरकी काठी जवळजवळ उभी करायची, शीड डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे आणि दोर नव्या बाजूला ओढून बांधायचे. डोलकाठीला आधार देणारे दोरही कायमचे ठोकलेले नसत. ज्या बाजूने वारा, त्या बाजूला ते दर वेळी हलवायचे. शीड वर चढवणारा जाड दोर मागे ताणून बांधला, की तोही डोलकाठीला मागून धरून ठेवी. हा सगळा खेळ उसळत्या पाण्यात, मोजक्या माणसांनी, एकमेकांच्या पायांत न येता करायचा असे.

मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल याने १९२० मध्ये भारतीय नौकांच्या घडणीवर प्रबंध लिहिला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या नौकांवर त्याला अरबी घडणीची छाप दिसली. दक्षिण कोकणातल्या उलांडीच्या होड्यांचे कूळ मात्र वेगळे. होडीला समांतर असा एक ओंडका आडव्या दांड्यांनी बांधून तिचा तोल सांभाळायचा, ही तऱ्हा श्रीलंकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत सापडते.

दोर काथ्याचे. काथ्या हलका, पाण्यावर तरंगणारा आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारा. मलबारातून तो गलबतांनी मुंबईकडे येई. जाळी सुताची किंवा तागाची. सूत पिळायचे, जाळे विणायचे आणि फाटले की सांधायचे, ही कामे घरातच होत. ओले सूत कुजते, म्हणून जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवून वाळवायची, आणि हे हंगामात पुन:पुन्हा करायचे. डोल लावणाऱ्याचा पसारा आणखी मोठा. ही डोल म्हणजे नरसाळ्यासारखी लांब पिशवी. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांच्या आधाराने तिचे तोंड भरती-ओहोटीच्या ओढीसमोर धरायचे, आणि ओढ मंदावली की बोंबील, जवळा, करंदी आत घेऊन ती वर काढायची. म्हणजे होडी, शीड आणि जाळ्यांखेरीज खुंट आणि तरंगती पिंपेही आलीच.

या साजावर घराचा हिशेब ठरे. विक्रीचे पैसे माणसांत वाटले जात, तसे होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा असेही भाग पडत. मालवणकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीत, हे स्पष्ट दिसते. तिथे लांबलचक जाळे अनेकांनी आणलेल्या तुकड्यांचे जोडलेले असते, आणि ज्याचा तुकडा लागला, त्याला वाटा मिळतो. होडी नसलेला माणूसही जाळ्याच्या जोरावर धंद्यातला भागीदार असे.

१९५० च्या दशकात या व्यवस्थेत इंजिन शिरले. मद्रासकडच्या लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यावर यंत्र बसवणे अवघड होते. मुंबई-ठाण्याच्या मचव्याला मात्र भक्कम तळ आणि खोल पोट होते, त्यामुळे जुन्याच होडीत इंजिनासाठी पाया घालायचा, मागच्या लाकडाला भोक पाडून पंख्याचा दांडा बाहेर काढायचा, एवढ्यावर भागू शकत होते. त्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकातज्ज्ञही भारतात येऊन नव्या होड्यांचे आराखडे करत होते. शिडाला विणणारा, शिवणारा हात लागे. इंजिनाला कर्ज लागले. ते सरकारी योजनांतून आणि सहकारी सोसायट्यांमार्फत मिळू लागले.

पाठोपाठ नायलॉन आले. ते कुजत नाही, त्याला काढा नको, वाळवण नको. किनाऱ्यावरच्या सालीच्या भट्ट्या विझल्या आणि घरात सूत पिळण्याचे कारण उरले नाही. जाळे किलोवर, दुकानातून, बहुधा उधारीवर येऊ लागले. सांधण्याचे काम तेवढे अजूनही किनाऱ्यावर बसूनच होते. पुढे लाकडाच्या जागी फायबरची होडी आली आणि सुताराचा वाटाही आकसला.

आता साजाची यादी सरकारही लिहिते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले होते. त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे आणि तपासणी कडक झाली. डिझेल आणि बर्फाबरोबर जीवनरक्षक जाकिटे, वायरलेस, जीपीएस हेही होडीत चढले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. उपग्रहाशी बोलणारे हे यंत्र संकटाचा संदेश किनाऱ्यावर पोचवते आणि होडी समुद्रसीमेजवळ गेली की इशारा देते. होडीवरच्या साजातली ही सर्वांत नवी वस्तू, आणि ती बसवण्याचा खर्च नाखव्याने नव्हे, सरकारने उचलला आहे.