युरोपात जोडीदाराला राहण्याचा हक्क : तो नेमका कोणाचा?

युरोपात संशोधनासाठी जायचं ठरलं की फेलोशिपच्या खालोखाल एकच प्रश्न येतो. नवरा किंवा बायको सोबत येऊ शकेल का? शोधायला बसलात की कुठेतरी वाचायला मिळतं, 'युरोपीय संघाच्या नियमाने परदेशी जोडीदाराला निवास कार्ड मिळतंच.' हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजायचं तर हा नियम आला कुठून हे बघावं लागतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात कामगारापासून

१९५७ च्या रोम करारात सहा देशांनी एकमेकांच्या कामगारांना मुक्त संचार द्यायचं ठरवलं. दक्षिण इटलीतला माणूस बेल्जियमच्या खाणीत किंवा जर्मनीच्या कारखान्यात जाणार, हे चित्र डोळ्यांसमोर होतं. पण बायकामुलं मागे ठेवावी लागणार असतील तर तो जाईल कशाला? म्हणून १९६८ च्या १६१२ क्रमांकाच्या नियमावलीत दहावं कलम आलं. कामगाराचा जोडीदार, २१ वर्षांखालची मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील त्याच्यासोबत राहू शकतात, त्यांचं नागरिकत्व कोणतंही असो.

इथे क्षणभर थांबा. हा हक्क बायकोला बायको म्हणून मिळालेला नाही. कामगार देश ओलांडतो, त्याच्या पाठोपाठ तो येतो. म्हणजे हक्क उसना आहे. पुढची पन्नास वर्षं न्यायालयात जे भांडण चाललं, ते बहुतेक या एका गोष्टीभोवतीच आहे.

पिकतं तिथे विकत नाही

१९८२ मध्ये सुरीनामच्या दोन आया लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोचल्या. त्यांची मुलं डच नागरिक, नेदरलँड्समध्येच नोकरी करणारी. आयांना त्यांच्याजवळ राहायचं होतं. न्यायालय म्हणालं, मुलांनी दुसऱ्या सदस्य देशात कधी काम केलेलं नाही, तेव्हा युरोपीय नियम इथे लागूच होत नाही. गंमत बघा, हीच मुलं जर्मन नागरिक असून नेदरलँड्समध्ये कामाला आली असती, तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईला हक्क मिळाला असता! आपल्याच देशात राहणाऱ्याला बाहेरून आलेल्यापेक्षा कमी. अभ्यासक याला 'उलटा भेदभाव' म्हणतात.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मला हे प्रयोगासारखं दिसतं. कुटुंब तेच, प्रेम तेच, कागदपत्रंही तीच. बदललेला घटक एकच, सीमा ओलांडली की नाही.

सुरिंदर सिंग प्रकरण

मग ओलांडून परत आलं तर? हा प्रश्न एका भारतीय माणसामुळे सुटला. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश नागरिक असलेल्या स्त्रीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघं जर्मनीत नोकरीला होती. मग ब्रिटनला परतून त्यांनी व्यवसाय सुरू केला. पुढे लग्न मोडकळीला आलं, तेव्हा ब्रिटिश सरकारने सिंग यांना कायम राहू द्यायला नकार दिला. ७ जुलै १९९२ च्या निकालात न्यायालयाने वेगळंच सूत्र मांडलं. परतल्यावर आपल्या जोडीदाराला निदान दुसऱ्या सदस्य देशाइतकेही हक्क मिळणार नाहीत अशी भीती असेल, तर नागरिक मुळात बाहेर जायलाच कचरेल. म्हणून परतणाऱ्याच्या जोडीदारालाही युरोपीय नियमाचं संरक्षण.

यातून 'सुरिंदर सिंग मार्ग' हा शब्दच रूढ झाला. २०१२ मध्ये ब्रिटनने परदेशी जोडीदार आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली, तेव्हा अनेक ब्रिटिश जोडपी आधी आयर्लंडसारख्या देशात जाऊन नोकरी करू लागली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनपुरता तो मार्ग बंद झाला. २०१४ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की बाहेरचं वास्तव्य खरं हवं. तीन महिन्यांहून जास्त हवं आणि त्या काळात तिथे कौटुंबिक आयुष्य उभं राहिलेलं हवं. शनिवार-रविवारच्या फेऱ्या चालणार नाहीत.

न्यायालय स्वतःचं मतही बदलतं बरं का. २००३ च्या आक्रिच निकालात म्हटलं होतं, जोडीदार आधी एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहत असला पाहिजे. २००८ च्या मेटॉक निकालात तीच अट काढून टाकली. तेव्हा निकाल वाचताना नंतर तो टिकला का, हे पाहिल्याशिवाय प्रबंधात वापरू नका.

आज तुमच्यासाठी

सध्या २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश लागू आहे. पासपोर्ट, नात्याचा पुरावा आणि युरोपीय जोडीदार तिथे नोकरी करतो किंवा पुरेशा साधनांनिशी राहतो याचा पुरावा लागतो. व्हिसाला शुल्क नाही. निवास कार्ड अर्जापासून सहा महिन्यांत द्यायचं असतं, ते साधारण पाच वर्षांचं असतं आणि सलग पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. लग्न केवळ कागदावरचं असेल तर मात्र नकार मिळू शकतो.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा अनुभव गोव्याच्या घरांत आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रेक्झिटआधी स्विंडनला गेलेल्या गोवेकराची भारतीय पासपोर्टवाली बायको याच नियमाने तिथे राहू शकत होती.

आणि तुम्ही दोघंही भारतीय पासपोर्टवाले? मग यातलं काहीच तुम्हाला लागू नाही, कारण उसनं घ्यायला युरोपीय नागरिकच नाही. तुमच्यासाठी २०१६ चा ८०१ क्रमांकाचा निर्देश बघा (डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत). त्यात 'संशोधका'ला कुटुंब आणण्याची सोय आहे. 'विद्यार्थ्या'ला नाही, त्याचं त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून. पीएचडी करणारा काही देशांत संशोधक धरला जातो, काही देशांत विद्यार्थी. म्हणून ऑफर लेटर आलं की स्टायपेंडच्या आकड्याआधी विद्यापीठाला एवढंच विचारा, माझा निवास परवाना कोणत्या नावाने निघणार?