दादरला जागा ‘घेतली’?

परवा एका लग्नात आत्या म्हणाली, "तुझ्या आजोबांनी हिंदू कॉलनीत प्लॉट विकत घेऊन ठेवायला हवा होता!" अगं, पण विकत होतं कोण?

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याची भातखाचरं, वाड्या त्याने ताब्यात घेतल्या, भराव घातला, रस्ते आखले आणि प्लॉट पाडले. पण ते विकले नाहीत, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भोवती किती जागा मोकळी सोडायची तेही ट्रस्टच सांगणार. ट्रस्टमधल्याच मंचरजी जोशी या इंजिनिअरांनी 103 प्लॉट पारशांसाठी राखून घेतले. (आडनावावर जाऊ नका, ते पारशीच!)

आजोबांसारख्या कारकुनाला प्लॉट कुठला? दुसऱ्याने पट्ट्यावर घेतलेल्या प्लॉटवर बिल्डिंग उठली की तिच्यात भाड्याचा ब्लॉक, एवढंच. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, जमिनीही तिकडे गेल्या. आणि ज्यांची शेतं गेली त्यांना मोबदला मिळाला तो शेताचा. दादरचा भाव आला नंतर.

हे सगळं आत्याला ऐकवलं. म्हणाली, "ते असू दे रे, पण तेव्हा स्वस्त होतं ना?"