विलायतेंतील पाहुणा आणि त्याचें औषधपाणी

गांवांत आलेला परका माणूस आजारी पडला, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? प्रश्न दिसावयास साधा आहे. पण इंग्लंडांत या एका प्रश्नावर चारशें वर्षांत कायद्यांमागून कायदे झाले आहेत. आज आपल्याकडील जे वृद्ध आईबाप मुलांलेकींना भेटावयास सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे जातात, त्यांच्याहि पदरीं या जुन्या वादाचें ओझें येतें. म्हणून त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

राणी एलिझाबेथ हिच्या अमदानींत, १६०१ सालीं, गरिबांचा कायदा झाला. आंधळे, पांगळे, रोगी व निराधार यांच्या पोषणाचा भार ज्या त्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, टाकण्यांत आला आणि त्यासाठीं तेथील रहिवाशांवर कर बसला. हें ठीक झालें. पण भार वस्तीवर पडतांच परका माणूस वस्तीला नकोसा झाला. १६६२ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत नवा कायदा निघाला. नव्यानें आलेला मनुष्य वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेंत राहत असेल आणि पुढेंमागें तो आपल्या गळ्यांत पडेल असा संशय असेल, तर चाळीस दिवसांच्या आंत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशांत परत धाडतां येई. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हे ‘परके’ म्हणजे कोणी परदेशस्थ नव्हेत. शेजारच्या तालुक्यांतले इंग्रजच! पुढें १७९५ सालीं, प्रत्यक्ष मदत घेण्याची पाळी आल्यावांचून कोणाला हलवूं नये आणि आजारी माणसाची रवानगी तो बरा होईपर्यंत तहकूब ठेवावी, असें ठरलें. एवढी साधी माणुसकी कायद्यांत उतरावयाला एकशें तेहतीस वर्षें लागलीं.

शहरांतील मोठीं रुग्णालयें धर्मार्थ असत. पण धर्मार्थ म्हणजे वाटेल त्याला मोकळीं नव्हेत. वर्गणी देणाऱ्या सद्‌गृहस्थाचें शिफारसपत्र आणल्यावांचून तेथें सहसा खाट मिळत नसे. परक्या मुलखांतून आलेल्या माणसानें असा वर्गणीदार शोधावा कोठें? १८२७ च्या हिंवाळ्यांत विल्यम मार्सडेन या तरुण शस्त्रवैद्याला होबर्न भागांतील एका चर्चच्या पायऱ्यांवर मरणोन्मुख झालेली एक मुलगी आढळली आणि तिला कोणतेंहि रुग्णालय घेईना, असें सांगतात. दुसऱ्याच वर्षीं, १८२८ त, त्यानें पत्रावांचून व पैशावांचून प्रवेश देणारा दवाखाना काढला. त्याचेंच पुढें ‘रॉयल फ्री हॉस्पिटल’ झालें. तें आजहि लंडनमध्यें आहे.

आपल्या लोकांचा या कथेंत प्रवेश होतो तो खलाशी म्हणून. इंग्रजी आगबोटींवर डेकवरचीं कामें करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे कोंकणी लोक फार असत. वाढपी व आचारी बहुधा गोमंतकीय. हीं माणसें टेम्स नदीच्या कांठीं आजारी पडलीं म्हणजे त्यांना ना पॅरिश, ना वर्गणीदार. १८२१ सालीं स्थापन झालेल्या खलाशांच्या रुग्णालयसंस्थेनें ग्रीनिच येथें नदींत नांगरलेल्या एका जुन्या लढाऊ जहाजावरच दवाखाना थाटला. १८३१ पासून हें काम ‘ड्रेडनॉट’ जहाजावर चालूं लागलें. ट्रॅफल्गारच्या लढाईंत तोफा डागणारें हें जहाज म्हातारपणीं रोग्यांच्या खाटा वाहूं लागलें, आणि तेथें खलाशाचा देश विचारीत नसत. १८७० त तो दवाखाना जमिनीवर आला. १८९४ च्या जहाजांसंबंधींच्या कायद्यानें, कामावर असतांना जखमी झालेल्या खलाशाच्या उपचारांचा खर्च त्याच्या पगारांतून न कापतां जहाजाच्या मालकानें द्यावा, असें बंधन घातलें. माझ्या मतें परमुलखांतील आजारपणाचा खर्च कोणाचा, या प्रश्नाला मिळालेलें हें सरळ उत्तर होय. ज्याच्या कामासाठीं आला, त्यानें द्यावा. पण जो कोणाच्याच कामासाठीं आला नाहीं, नुसता नातवाचें तोंड पाहण्यास आला, त्याचें काय?

५ जुलै १९४८ रोजीं इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिचा कर्ता आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा. विमा नाहीं, वर्गणी नाहीं, शिफारसपत्र नाहीं. सरकारी तिजोरींतून सर्वांना उपचार. ‘सर्वांना’ या शब्दांत त्या देशांत सहज आलेला पाहुणाहि होता. लगेच ओरड सुरू झाली कीं, परदेशीय लोक चष्मे आणि कवळ्या फुकट घेऊन जात आहेत. बेव्हनची वृत्ति या बाबतींत अगदींच भोळी नव्हती. केवळ सेवेचा लाभ उपटण्यासाठीं येणाऱ्यांना बंदरावरूनच परत लावण्याची तजवीज केल्याचें त्यानेंच १९४९ त पार्लमेंटांत सांगितलें. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन दोन अधिकार सरकारला मिळाले : एक, औषधाच्या चिठ्ठीवर आकार घेण्याचा, दुसरा, त्या देशांत सामान्यतः न राहणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा. पहिला अधिकार १९५२ सालीं वापरांत आला व चिठ्ठीला एक शिलिंग पडूं लागला. दुसरा मात्र तेहतीस वर्षें कागदावरच निजून राहिला.

तो वापरूं नये असें बेव्हनला कां वाटे, हें त्यानें १९५२ च्या ‘इन प्लेस ऑफ फिअर’ या पुस्तकांत मांडलें आहे. त्याचा युक्तिवाद दयाधर्माचा नसून व्यवहाराचा आहे. पाहुणा कोण आणि घरचा कोण, हें दवाखान्याच्या दारांत ओळखावयाचें कसें? त्यासाठीं घरच्या प्रत्येक माणसालाहि आपण घरचेच आहों याचा पुरावा खिशांत बाळगावा लागेल. पाहुण्याला अडविण्यासाठीं काढलेली युक्ति अखेर साऱ्यांनाच जाचेल. शिवाय पाहुणाहि तंबाखू व मद्य यांवरचा कर भरतोच, असें तो म्हणे. (आपल्याकडील सोवळे आजोबा या हिशेबांत बसत नाहींत, ही गोष्ट निराळी!)

१९८२ सालीं निजलेला अधिकार जागा झाला. परदेशांतून आलेल्या पाहुण्यांना रुग्णालयांतील उपचारांचे पैसे पडूं लागले. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘सामान्यतः राहणारा’ म्हणजे कोण, याचा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सनें दिला. खटला विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा होता, पण न्यायमूर्ति लॉर्ड स्कारमन यांनीं दिलेली कसोटी पुढें आरोग्यसेवेलाहि लागू झाली. मनुष्य तेथें स्वेच्छेनें व कांहीं स्थिर हेतूनें राहत असला पाहिजे, असा तिचा मथितार्थ.

या कसोटीचें आपल्या कल्पनांशीं कसें वांकडें येतें, तें मीं स्वतः पाहिलें आहे. माझी कन्या लीड्स शहरीं असते. आम्ही उभयतां तिच्याकडे राहावयास गेलों असतां शेजारच्या एका मराठी कुटुंबांतील आजोबांच्या छातींत दुखूं लागलें. रुग्णालयांत कारकुनानें विचारलें, “आपण येथेंच राहतां काय?” आजोबा उत्तरले, “होय, मुलाचें घर तें माझेंच घर.” आपल्या संस्कारानें हें उत्तर अक्षरशः खरें होतें. कायद्याच्या दृष्टीनें तें चुकीचें होतें. उपचार उत्तम झाले, आजोबा बरे झाले, आणि महिन्याभरानें जाडजूड बिल घरीं आलें. मुलानें तें हप्त्यांनीं फेडलें. पण आजोबांना बिलापेक्षांहि ‘तुम्ही येथें राहत नाहीं’ या वाक्याचें दुःख अधिक झालेलें मला दिसलें.

पुढें बंधनें आवळलींच. २०१४ च्या कायद्यानें, कायमच्या वास्तव्याची परवानगी नसलेल्या परदेशीयाला ‘सामान्यतः राहणारा’ म्हणावयाचें नाहीं, असें ठरविलें. एप्रिल २०१५ पासून नोकरीसाठीं किंवा शिक्षणासाठीं सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्यांवर आरोग्यसेवेची वार्षिक पट्टी बसली. ती प्रथम २०० पौंड होती, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड झाली. विद्यार्थ्यांना कांहीं सूट आहे. सहा महिन्यांच्या आंतल्या पाहुण्याला ही पट्टी नाहीं. पण इंग्लंडांतील रुग्णालयांत त्याला नेहमींच्या दराच्या दीडपट आकार पडतो. ऑक्टोबर २०१७ पासून, थांबण्याजोगा उपचार असेल तर पैसे आगाऊच भरावे लागतात.

आणि बेव्हनचें भाकीत? लंडनमध्यें चव्वेचाळीस वर्षें राहून कर भरलेल्या, जमेकांतून लहानपणीं आलेल्या एका कर्करोगी माणसाकडे २०१७ त निवासाचे कागद मागण्यांत आले. ते त्याच्यापाशीं नव्हते. तेव्हां क्षकिरणांच्या उपचारांसाठीं ५४,००० पौंड भरण्यास त्याला सांगण्यांत आलें. २०१८ त हें व असलीं इतर प्रकरणें वर्तमानपत्रांनीं उजेडांत आणलीं. मोठा गहजब झाला, गृहमंत्रिणीला अधिकारपद सोडावें लागलें, आणि त्या माणसाचे उपचार सुरू झाले.

आतां जाणाऱ्यांसाठीं चार शब्द. इंग्लंडांत वस्तीच्या डॉक्टराकडून तपासून घेणें पाहुण्यालाहि विनामूल्य आहे. अपघातविभागांतील उपचारहि विनामूल्य आहेत. मात्र तेथून खाटेवर दाखल केलें कीं आकार सुरू होतो. क्षयासारख्या सांसर्गिक रोगांवरील उपचारांना पैसे पडत नाहींत, कारण तेथें प्रश्न साऱ्या गांवाचा असतो. जिवावरचें दुखणें असेल तर पैशांसाठीं उपचार अडवीत नाहींत; बिल मागाहून येतें. तें ५०० पौंडांचें किंवा त्याहून अधिक असून दोन महिने थकलें, तर गृहखात्याला कळवितात आणि पुढचा व्हिसा नाकारला जाऊं शकतो. म्हणून देण्याचें सामर्थ्य नसल्यास गप्प न बसतां हप्ते बांधून घ्यावे. हिंदुस्थानाशीं इंग्लंडचा याबाबत परस्पर सवलतीचा करार नाहीं. तेव्हां विमा हवाच. पण पुष्कळ पॉलिसींत जुनें दुखणें वगळलेलें असतें, आणि साठीनंतर जुनें दुखणें नाहीं असा मनुष्य विरळा. मधुमेह वा रक्तदाब लपवून घेतलेला विमा ऐन वेळीं उपयोगी पडत नाहीं. आपल्या नेहमींच्या गोळ्या पुरेशा सोबत न्याव्या, आणि डॉक्टराच्या चिठ्ठीवर त्यांचें व्यापारी नांव न लिहवितां मूळ द्रव्याचें नांव लिहवून घ्यावें. कारण आपल्याकडचें व्यापारी नांव तिकडील औषधविक्याला बहुधा ठाऊक नसतें. चिठ्ठी सुवाच्य असेल तर फारच उत्तम.