सुतावरील जकात आणि बेळगावचा विणकर

संरक्षक जकातीचा इतिहास शिकवताना आपण बहुधा मुंबई व अहमदाबादच्या गिरण्यांविषयी बोलतो. बेळगाव जिल्ह्यातून पाहिले म्हणजे तोच इतिहास निराळा दिसतो. ('जकात' हा शब्द अरबीतून मराठीत येताना दानाचा अर्थ गमावून कराचा झाला. उर्दूचे विद्यार्थी तो तशा अर्थाने वाचून हमखास गोंधळतात.)

घटप्रभेच्या धबधब्यावर चालणारी गोकाकची सूतगिरणी 1880 च्या दशकात उभी राहिली. शहापूर, वडगाव, खासबागच्या हातमागांना सूत विकतच घ्यावे लागे. 1896 मध्ये सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरणी कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. सूत आणि हातमागाचे कापड मात्र त्यातून सुटले. म्हणजे गिरणीमालकांना जाचक वाटणाऱ्या त्या व्यवस्थेत विणकराला थोडा आडोसा मिळाला होता. आपल्या राष्ट्रीय इतिहासलेखनात ही बाजू फारशी येत नाही.

पुढे चित्र पालटले. 1925 च्या अखेरीस अबकारी कर स्थगित झाला. 1927 मध्ये जपानी स्पर्धेचे कारण देऊन परदेशी सुतावर पाच टक्के किंवा पौंडामागे दीड आणा, यांपैकी जास्त असेल ती जकात लागू झाली. सूतगिरण्यांना संरक्षण मिळाले, पण विणकराचा कच्चा माल महागला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, तरी सुटका नव्हती, कारण वसुली बंदरावरच होई.

1930 च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर 15 व इतर परदेशी कापडावर 20 टक्के जकात बसली. ब्रिटिशेतर कापडावरील दर जून 1933 मध्ये 75 टक्क्यांवर गेला. जपानच्या गिरण्यांनी प्रत्युत्तरादाखल हिंदी कापूस घेणेच बंद केले. जागतिक मंदीने भाव आधीच कोसळले होते. आता कापूस पिकवणाऱ्याचा एक मोठा गिऱ्हाईकही गेला. ज्या कापडाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याच्या जकातीची किंमत त्याने मोजली.

1934 च्या करारात जकात 50 टक्क्यांवर आली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवावे, असे ठरले. बैलहोंगलच्या कापूस उत्पादकाचे आणि ओसाकाच्या मागाचे नाते असे कागदावर आले. वाटाघाटीत गिरणीमालक होते, कापूस व्यापारी होते. हातमाग विणकर नव्हता, आणि सुतावरची जकात 1934 च्या कायद्यानेही उठली नाही.