कुंती

(कामिनी, पांढरी, शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा, कुल रूटेसी). लिंबू, संत्रे व कढीपत्ता यांच्या कुलातील सदाहरित, सुवासिक फुलांचे झुडूप. मूलस्थान दक्षिण व आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलिया. मुराया हे प्रजातिनाम लिनीअस यांचे शिष्य योहान आंद्रेआस मुरे यांच्या गौरवार्थ दिलेले आहे.

वर्णन : मोकळे वाढल्यास झुडूप 3 मी. वा त्याहून उंच होते. पाने संयुक्त, दलके 3–7, चकचकीत, एकाआड एक. दलक उजेडासमोर धरले की तैलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतात. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, फांद्यांच्या शेंड्यांवर झुपक्यांनी येतात. कोरड्या काळानंतर पावसाची चांगली सर आली की झुडूप एकदम फुलते. बहर थोड्याच दिवसांत ओसरतो. फळ सुमारे 1 सेंमी. लांब, टोकदार, पिकल्यावर शेंदरी-लाल. आत चिकट गर व एकदोन केसाळ बिया.

लागवड : निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन मानवते, विरळ सावलीही चालते. बी ताजेच पेरावे. छाट कलमानेही रोपे होतात. कुंपणासाठी रोपे पावसाळ्याच्या आरंभी 45–60 सेंमी. अंतरावर लावतात व दाटी यावी म्हणून शेंडे खुडतात. झुडपाला काटे नसल्याने हे कुंपण आडोसा देते, गुरे अडवत नाही.

छाटणी व पशुपक्षी : फुले कोवळ्या फुटीच्या टोकांवर येत असल्याने महिन्या-दोन महिन्यांनी कात्री चालवलेले कुंपण चौकोनी राहते, पण त्याला फुले कमी येतात आणि फळे जवळजवळ येतच नाहीत. पक्ष्यांसाठी लावल्यास फळे संपल्यावर एकदाच हलकी छाटणी पुरते. फुलांवर मधमाश्या येतात, फळे बुलबुल खातात व बिया दूरवर टाकतात. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या पाने खातात. अळ्या हव्या असतील तर कीटकनाशक फवारू नये.

धोका : लिंबूवर्गीय पिकांवरील सिला ही रस शोषणारी कीड कुंतीच्या कोवळ्या फुटीवर पोसली जाते. या पिकांच्या ग्रीनिंग रोगाचे जिवाणू हीच कीड पसरवते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ती 1998 मध्ये प्रथम आढळली, तीही परसातील कुंतीवर. 2005 मध्ये तेथे ग्रीनिंगची नोंद झाली. छाटणीनंतर नवी फूट येतेच, म्हणून वारंवार छाटलेले कुंपण किडीला अधिक सोयीचे ठरते. विदर्भ-मराठवाड्यातील संत्रा-मोसंबीच्या बागांलगत कुंपणासाठी कुंती टाळावी. तेथे करवंदाचे काटेरी कुंपण बरे, त्याची फळे पक्ष्यांना आणि माणसांनाही चालतात.